स्प्लाइनच्या टोकाची दिशा सरळ रेषेशी जुळली, तरी सांध्यावर हाताला लागतं

पेन्सिल_जोगेश्वरी:

नमस्कार मंडळी. मी जोगेश्वरीच्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करते. सध्या गिरगावातल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना हातात आहे. दुसऱ्या मजल्याजवळ हँडरेलचा तुकडा वाळवीने पोखरलाय. रहिवाशांचं म्हणणं एवढंच की नवा तुकडा जुन्या सागवानी कठड्यात उठून दिसता कामा नये. मलाही ते मनापासून पटतं, कारण तो कठडा ज्याने घडवला त्याचा हात फार चांगला होता.

अडलंय ते बाकापाशी. उतरती हँडरेल लँडिंगला येऊन सपाट होते तो बाक. राइझर (पायरीची उंची) ७ इंच, ट्रेड (पायरीची रुंदी) १० इंच, म्हणजे उतार ३५ अंशांचा. शेजारच्या धड असलेल्या बाकाला हार्डबोर्ड लावून टेंप्लेट काढलं, त्यावरून ९ बिंदू मोजले आणि ऑटोकॅडमध्ये फिट पॉइंट्सची स्प्लाइन काढली, म्हणजे त्या बिंदूंतूनच जाणारा सलग वक्र.

पहिली अडचण: टोकाला स्प्लाइन सरळ रेषेच्या दिशेने न येता जराशी तिरपी येते. दुसरा कंट्रोल व्हर्टेक्स (वक्राबाहेरून त्याला ओढून धरणारा बिंदू) ओढून दिशा जुळवली, तर लगेच पुढचा फिट पॉइंट वक्रावरून सुटला आणि स्प्लाइनएडिट कमांडमधला फिट डेटाचा (फिट पॉइंट्स बदलण्याचा) पर्यायच गेला. अनडू करून टँजंटचा (टोकाची दिशा ठरवण्याचा) पर्याय वापरला, तर टोक जुळलं पण मधे हलकी लाट आली.

दुसरी अडचण जास्त छळतेय. दिशा जुळलेल्या वक्राचा एमडीएफवर नमुना कापून घेतला. स्क्रीनवर कितीही झूम केलं तरी सांध्यावर कोपरा दिसत नाही. पण आमच्या मिस्त्रींनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला आणि बरोबर सांध्यावर बोट ठेवलं, "इथे लागतंय." मी हात फिरवला तर मलाही लागलं. टँजंट जुळलेला असताना हे कसं होतं? आणि मधला आकार न बिघडवता टोक कसं बदलायचं?

कॅडप्रेमी:

सोपं आहे. सरळ रेषेवरच, टोकापासून एक-दोन मिलिमीटरवर, आणखी एक फिट पॉइंट टाका. वक्राला त्या दोन्ही बिंदूंतून जावंच लागतं, म्हणजे दिशा आपोआप येते. टँजंटच्या भानगडीत पडायची गरज नाही.

ओळंबा:

कॅडप्रेमी, तुमच्या उपायाला माझा ठाम विरोध आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. बाकीचे बिंदू चाळीस-पन्नास मिलिमीटरवर आणि एकच जोडी दोन मिलिमीटरवर, अशी रचना केली की त्या जोडीतल्या मोजमापाची बारीकशी चूकही दिशेची मोठी चूक होते. दोन मिलिमीटरच्या लांबीत ०.१ मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ ३ अंश. गाठी (वक्राचे तुकडे जिथे जुळतात त्या जागा) सारख्या अंतराने मांडायची पद्धत निवडलेली असेल तर वक्र तिथे फुगतो, कधी वेटोळंही घेतो. दिशा द्यायला प्रोग्रामने वेगळी सोय ठेवली आहे, ती वापरावी.

आता ताई, तुमचं. मी माझगावच्या गोदीत मोल्ड लॉफ्टवर ड्राफ्ट्समन होतो. जहाजाच्या रेषा जमिनीवर पूर्ण मापात आखायचो. लांब लवचिक लाकडी पट्टी, ती धरून ठेवायला खिळे नाहीतर शिशाची वजनं. निवृत्त झाल्यावर ऑटोकॅड शिकलो, आणि पट्टीवर जे हाताने करायचो तेच तिथे आकड्यांत दिसलं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

टोकाची दिशा प्रोग्रामला सांगावी का लागते ते आधी बघा. तुमचे ९ बिंदू, म्हणजे मधे ८ तुकडे. प्रत्येक तुकडा घन समीकरणाचा, त्यात ४ अज्ञात, एकूण ३२. प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही बिंदूंतून गेला पाहिजे, या झाल्या १६ अटी. मधल्या ७ बिंदूंवर दिशा तुटू नये, ७ अटी. बाक, म्हणजे वक्र तिथे किती जोरात वळतोय ते, तुटू नये, आणखी ७. बेरीज ३०. दोन अटी कमी पडतात. त्या दोन म्हणजेच सुरुवातीची आणि शेवटची दिशा. ती तुम्ही दिली नाहीत तर प्रोग्राम स्वतःच्या हिशेबाने भरतो, आणि त्याला तुमची सरळ हँडरेल कुठे आहे हे माहीत नसतं. लॉफ्टवरही तेच. शेवटच्या खिळ्यापाशी पट्टी मोकळी सोडली की ती तिथे आपली आपण सरळ होते. म्हणून आम्ही पट्टी कधीच शेवटच्या बिंदूवर संपवायचो नाही. हात-दोन हात पुढे काढायचो आणि पुढच्या रेषेच्या दिशेने धरून ठेवायचो.

मधली लाटही त्याच हिशेबातून आली. टोकाची दिशा बदलली की प्रत्येक बिंदूवर उतार थोडा बदलतो. बिंदू साधारण सारख्या अंतरावर असतील तर तो बदल दर बिंदूला पावापेक्षा किंचित जास्त उरतो आणि उलट्या दिशेचा होतो. चौथ्या बिंदूपर्यंत तो दोन टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे टोकाला दिलेला पीळ उजवी-डावीकडे हेलकावत विरतो. पीळ जेवढा मोठा तेवढी लाट मोठी. तुमच्याकडे ती दिसण्याइतकी मोठी आहे, यावरून माझी शंका टोकाजवळच्या मोजलेल्या बिंदूंवर आहे. टँजंटचा पर्याय आपलं काम नीटच करतोय.

दिशा देण्याची रीत अशी. स्प्लाइन निवडा आणि टोकाच्या फिट पॉइंटच्या ग्रिपवर (निवडल्यावर दिसणाऱ्या खुणेवर) क्लिक न करता कर्सर नुसता धरा. छोटा मेनू उघडेल, त्यात टँजंट डायरेक्शन आहे. मग क्लिक सरळ हँडरेलच्या रेषेवरच करा, ओस्नॅपने (नेमका बिंदू पकडायच्या सोयीने) तिचं दुसरं टोक पकडून. अंदाजाने करू नका. वक्र टोकाशी उलटून वेटोळं झालं तर त्याच रेषेत विरुद्ध बाजूला क्लिक करा. स्प्लाइनएडिट, फिट डेटा, टँजंट्स या वाटेनेही हेच होतं, तिथे एका फेरीत दोन्ही टोकं विचारली जातात. कंट्रोल व्हर्टेक्स मात्र ओढायचा नाही. तो ओढला की वक्र फिट पॉइंट्सना बांधील राहत नाही, म्हणून फिट डेटा गेला. त्रिकोणी ग्रिपवरून पुन्हा फिट निवडता येतं, पण तेव्हा वक्र तीन डिग्रीचा, म्हणजे घन समीकरणाचा, केला जातो. मुळात जास्त डिग्रीचा असला तर आकार बदलू शकतो.

आता मिस्त्रींच्या बोटाकडे येतो. त्यांचं बोट अगदी बरोबर आहे. दिशा जुळणं आणि बाक जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ हँडरेलचा बाक शून्य. तुमच्या स्प्लाइनचा सांध्यावरचा बाक, समजा, ९०० मिमी त्रिज्येचा. कोपरा कुठेच नाही, पण बाक एका क्षणात शून्यावरून तिथवर उडी घेतो. स्क्रीनवर ही उडी दिसत नाही, हाताला कळते, आणि पॉलिश चढलं की उजेडाची रेघ तिथे मोडलेली दिसते. रेल्वेवाले हे फार पूर्वीपासून जाणतात. सरळ रुळाला वर्तुळाचं वळण थेट जोडत नाहीत, मधे बाक हळूहळू वाढवणारा तुकडा घालतात. भारतीय रेल्वेत त्यासाठी क्यूबिक पॅराबोला वापरतात. लोकलमध्ये दारात उभं असताना वळणावर झटका न बसता भार हळूहळू अंगावर येतो, तो त्यामुळे.

हँडरेललाही तसाच तुकडा हवा, आणि तो पाच कंट्रोल व्हर्टेक्समध्ये मिळतो. फिट पॉइंट्स बाजूला ठेवा. उताराची आणि लँडिंगची रेषा वाढवून त्या जिथे छेदतात तो कोपरा काढा. कोपऱ्यापासून दोन्हीकडे ३०० मिमीवर बाकाची सुरुवात आणि शेवट धरा, टेंप्लेटवर जी लांबी असेल ती घ्या. स्प्लाइन कमांडमध्ये मेथड सीव्ही (कंट्रोल व्हर्टेक्स), डिग्री ३. पहिलं क्लिक उताराच्या रेषेवर बाकाच्या सुरुवातीला. दुसरं त्याच रेषेवर, कोपऱ्यापासून २०० मिमीवर. तिसरं बरोबर कोपऱ्यावर. चौथं लँडिंगच्या रेषेवर २०० मिमीवर, पाचवं ३०० वर.

टोकाची दिशा पहिल्या दोन व्हर्टेक्सवर ठरते, टोकाचा बाक पहिल्या तिघांवर. तिघंही एकाच सरळ रेषेत, म्हणून टोकाला बाक शून्य, हँडरेलएवढाच. वक्र कोपऱ्यावरून जात नाही, आतून जातो. आणि २०० व ३०० हे माप मुद्दाम घेतलंय. तेव्हा वक्राचा पहिला अर्धा भाग जवळजवळ क्यूबिक पॅराबोलाच होतो. मध्यावर त्रिज्या सर्वांत लहान, ३५ अंशांच्या उताराला ती दुसऱ्या व्हर्टेक्सच्या कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या सुमारे २.२७ पट येते, म्हणजे इथे ४५४ मिमी. त्याच ३०० मिमीत नुसती वर्तुळाची कमान बसवली असती तर त्रिज्या ९५० आली असती. आकडा दिसायला मवाळ, पण दोन्ही सांध्यांवर हाताला लागणारा.

ऑटोकॅडच्या २०१२ च्या आवृत्तीपासून ब्लेंड नावाची कमांडही आहे. दोन रेषांची टोकं दाखवली की मधला वक्र ती स्वतः काढते. कंटिन्युइटीमध्ये टँजंट न घेता स्मूद घ्यायचं. पण जुन्या कठड्याशी जुळवायचं असताना माप आपल्या हातात असावं, म्हणून मी पाच व्हर्टेक्सच सुचवेन.

मोल्ड_साकीनाका:

मी याच प्रश्नाशी सॉलिडवर्क्समध्ये झगडतोय. तिथे स्प्लाइनच्या टोकाला बाण, चौकोनी हिरा आणि गोळा अशी हँडल्स येतात. कोणतं ओढलं की काय होतं? आणि माझ्याकडे सरळ रेषेऐवजी ३०० मिमी त्रिज्येची कमान आहे, तिच्याशी बाक कसा जुळवायचा?

ओळंबा:

हिरा फिरवला की फक्त दिशेचा कोन बदलतो. बाण ओढला की दिशा तीच राहते, फक्त तिचा जोर बदलतो, म्हणजे वक्र त्या दिशेने किती लांब जाऊन मग वळणार ते. गोळ्याने दोन्ही एकदम बदलतं. शेवटचं माप द्यायचं असेल तर हँडल्स न ओढता प्रॉपर्टी मॅनेजरमध्ये आकडा भरा. कमानीसाठी टँजंट रिलेशनवर थांबू नका, ईक्वल कर्व्हेचर लावा. कर्व्हेचर कोंब, म्हणजे बाक दाखवणारी फणी, सुरू ठेवा. त्या फणीचे दात सांध्यावर अचानक लांब-आखूड झाले तर बाक जुळलेला नाही.

हाताने पडताळायचं असेल तर चार कंट्रोल व्हर्टेक्सच्या घन वक्रासाठी हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन व्हर्टेक्समधलं अंतर मोजा. त्याचा वर्ग करा, ३ ने गुणा, त्रिज्येच्या दुपटीने भागा. तिसरा व्हर्टेक्स टोकाच्या दिशेच्या रेषेपासून तेवढा दूर, कमान ज्या बाजूला वळते त्या बाजूला हवा. तुमची त्रिज्या ३००, पहिलं अंतर ६० धरलं तर ३६०० गुणिले ३ भागिले ६००, म्हणजे १८ मिमी. जास्त व्हर्टेक्स असलेल्या स्प्लाइनला हा आकडा लावू नका, तिथे गाठींच्या अंतरांमुळे तो बदलतो.

यातच बाणाची मेख आहे. तिसरा व्हर्टेक्स त्या रेषेपासून तेवढाच दूर ठेवून पहिलं अंतर दुप्पट केलं, तर टोकाचा बाक चौथाई होतो. दिशा तसूभरही हललेली नसते. "टँजंटला हात लावला नाही तरी सांधा बिघडला" असं पोरं म्हणतात ते यामुळे.

पेन्सिल_जोगेश्वरी:

काका, तुमचे खूप खूप आभार. पाच व्हर्टेक्सचा वक्र काढला आणि नमुना कापला. मिस्त्रींनी दोनदा हात फिरवला आणि यावर सागवान लावायला हरकत नाही म्हणाले. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आता दोन गोष्टी उरल्या. टेंप्लेटचे ९ बिंदू या वक्रावर ठेवले, तर मधल्या भागात जुना बाक माझ्या वक्रापेक्षा कोपऱ्याकडे ३ मिमी जास्त जातो. शिवाय टोकाजवळचा एक बिंदू एकटाच दीड मिमी बाहेर पडतो. कुणाचं ऐकायचं, वक्राचं की टेंप्लेटचं? दुसरं, कटिंगवाल्यांनी डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) मागितलीय आणि स्प्लाइन नको, पॉलिलाइन (तुकडे जोडून केलेली रेघ) द्या म्हणतात. त्यात ही सगळी मेहनत वाया जाणार नाही ना?

राउटरवाला_कुर्ला:

ताई, पॉलिलाइनचं मी सांगतो, आमचं रोजचं काम आहे. स्प्लाइनएडिटमध्ये पॉलिलाइन निवडलं की प्रिसिजन विचारतात, तिथे १० आधीच भरलेलं असतं. त्याआधी प्लाइनकन्व्हर्टमोड नावाचं व्हेरिएबल बघा. ते ० असेल तर वक्राचे सरळ तुकडे होतात, १ असेल तर कमानीचे. कमानीचेच द्या. मशीनला जी२ आणि जी३ हे कमानीचे आदेश कळतात, हात सलग चालतो.

सरळ तुकडे दिले तर काय होतं तेही सांगतो. ४५४ त्रिज्येवर २० मिमीचा सरळ तुकडा वक्रापासून ०.११ मिमी आत जातो. एमडीएफवर ते घासपेपरने निघून जातं. सागवानावर मेलामाइन पॉलिश मारलं की एकेक पैलू दिसतो. ५ मिमीचे तुकडे केले तर फरक ०.०१ च्याही आत येतो, पण फाइल मोठी होते आणि जुन्या कंट्रोलरवर मशीन अडखळत चालतं, त्याच्या खुणा पुन्हा लाकडावर. मूळ स्प्लाइन वेगळ्या लेयरवर जपून ठेवा. पॉलिलाइनवरून स्प्लाइन परत तशीच मिळत नाही.

ओळंबा:

राउटरवाल्यांनी सांगितलं ते लाख मोलाचं, तसंच करा.

टेंप्लेटचं दोन भागांत बघू, कारण तुम्ही सांगितलेले दोन फरक दोन जातींचे आहेत. मधला ३ मिमीचा फरक सगळा एकाच बाजूला आणि सलग आहे. ती मोजमापाची चूक वाटत नाही, तो जुन्या कारागिराचा हात आहे. त्याने बाक थोडा जास्त आवळलाय आणि त्याचा मान राखायला हवा. आपल्या वक्राचा मध्य कोपऱ्यापासून जेवढा दूर असतो, ते अंतर ३५ अंशांना दुसऱ्या व्हर्टेक्सच्या अंतराच्या ०.१५ पट येतं. २०० ला ३० मिमी. तुम्हाला २७ हवेत, म्हणून दुसरा आणि चौथा व्हर्टेक्स कोपऱ्यापासून १८० वर आणा. दोन्ही आपापल्या रेषेवरूनच सरकवायचे, मग टोकांची दिशा आणि शून्य बाक दोन्ही जागच्या जागी राहतात. मधली त्रिज्या ४५४ वरून ४०८ होईल. वक्र अजून पॅराबोलाच्या इतका जवळ आहे की हाताला फरक कळणार नाही.

एकट्या पडलेल्या बिंदूसाठी लॉफ्टवरची परीक्षा करा. पट्टी सगळ्या खिळ्यांत बसवली की आम्ही एकेक खिळा उपटायचो. पट्टी जागची हलली नाही तर बिंदू खरा. टणकन बाजूला उडाली तर पट्टीला तिथे जबरदस्तीने वाकवलं होतं, मग त्या बिंदूचं माप पुन्हा घ्यायचं. तुमच्या जुन्या फिट स्प्लाइनवर त्या बिंदूच्या ग्रिपवर कर्सर धरून रिमूव्ह फिट पॉइंट करा. वक्र तिथे एक मिलिमीटरहून जास्त सरकला तर बिंदू संशयास्पद. मग गिरगावात जाऊन त्या जागी लाकूड झिजलंय का, जुन्या रंगाचा थर आहे का, ते बोटाने बघा. तुमच्या पहिल्या स्प्लाइनमधली लाटही याच बिंदूतून निघाली असावी, असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट विचारली नाहीत, पण सांगायलाच हवी. हँडरेलची खालची कड वेगळी स्प्लाइन म्हणून काढू नका. दोन्ही कडा स्वतंत्र काढल्या की जाडी मधे कमी-जास्त होते आणि मूठ धरल्यावर ते सांध्याइतकंच लागतं. वरची कड पक्की झाली की ऑफसेट कमांडने जाडीएवढी खालची घ्या. वरच्या कडेचा बाक टोकाला शून्य आहे, म्हणून ऑफसेटचाही शून्यच येतो आणि खालचा सांधा आपोआप जुळतो. फक्त खालची कड बाकाच्या बाहेरच्या बाजूला येते, म्हणून तिची त्रिज्या जाडीने वाढते. तुमची जाडी ६० मिमी असेल तर ४०८ ची ४६८ होईल, त्यात काही धोका नाही. ऑफसेटच्या स्प्लाइनवर व्हर्टेक्स पुष्कळ येतात, त्यांना हात लावू नका. काही बदलायचं झालं तर वरच्या पाचांत बदला आणि ऑफसेट नव्याने घ्या.